अनोळखी नावाची फाईल

जयगडच्या दत्ताकाकांनी माझ्या दुकानात लॅपटॉप आणला खरा, पण तो हातातून सोडेनात. काकू गेल्या वर्षी वारल्या. त्यांनी म्हटलेली गाणी फक्त त्यातच होती.

लॅपटॉप चालू केला, तर काळ्या पडद्यावर ओळ आली, कर्नलची फाईल सापडत नाही.

"कोणीतरी नेलान!" काका म्हणाले.

"काका, कर्नल म्हणजे सगळा लॅपटॉप चालवणारा मूळ प्रोग्राम. बटण दाबलं की बूटलोडर नावाचा छोटा प्रोग्राम ती फाईल डिस्कवरून उचलून मेमरीत ठेवतो आणि कारभार तिच्याकडे सोपवतो. तीच जागेवर नाहीये. गाणी असतील."

"असतील, हे तुला कसं ठाऊक?"

मी पेन ड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू केला आणि कर्नल पुन्हा बसवला. काका माझ्या बोटांवरची नजर काढत नव्हते. शेवटी काकूंचं गाणं लागलं. काकांनी डोळे पुसले.

मी लॅपटॉपमधल्या जुन्या नोंदी पाहिल्या. "काका, फाईल तुमच्याच पासवर्डने काढून टाकलीय."

"ती होय! नाव ओळखीचं नव्हतं. म्हटलं, पाळत ठेवायला कोणीतरी घातलान."

मी हसलो. काका मात्र पडद्याजवळ वाकले.

"आणि ही आत्ता तू घातलीस, ती कोणाची?"