दत्तूचा डबा

त्या रविवारी चहा ठेवून मी भाजे गावाहून येणाऱ्या दत्तूची वाट बघत होतो आणि तो गेल्याचा फोन आला.

आम्ही टेबलावर छोटी जहाजं मांडून अंतराळयुद्ध खेळायचो. प्रत्येक जहाजाची किंमत गुणांत. ठरलेल्या गुणांत बसतील तेवढी जहाजं निवडून प्रत्येकानं आपापल्या डब्यात झाकून आणायची. दत्तू दरवेळी एकच अवजड युद्धनौका आणायचा आणि हरायचा. शेवटी त्याच्यासाठी मी तिचा हलका, निम्म्या गुणांचा प्रकार केला.

"तिला पार लुळी केलीस व्हय रे?" तो चिडला.

"अरे, आता दोन बसतील!"

"बगू. रविवारी कळंल काय आणतो ते."

दत्तूचे दिवस-कार्य झाल्यावर वहिनींनी डबा दिला. "भाऊजी, रविवारसाठी भरून ठेवलावता यांनी. उघडून बगा की."

दोघं समोरासमोर बसल्याशिवाय डबा उघडायचा नाही, असा आमचा नियम. मी तो अजून उघडलेला नाही.