मामाच्या तोंडातला खडा

जात्याचं निघालं म्हणून सांगतो, बावन्न-त्रेपन्नची गोष्ट. रोहण्याचा आमचा मामा रोज जेवताना मामीवर खेकसे, "तुह्या माहेरच्या जात्याचे खडे येतात भाकरीत."

पुढं जेवायले बसला की त्याचा जबडा सुजे अन् जेवण झालं की उतरे. त्याचंही खापर जात्यावरच.

मामीनं त्याले वर्ध्याच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं लिंबू चाटायले दिलं, तर जबडा डोळ्यांदेखत फुगला. मग जिभेखाली बोट दाबून म्हणाला, "लाळेच्या नळीत लाळेचाच खडा बनून अडकलाय. लाळ सुटली की सूज येते."

जागा बधिर करून, चीर देऊन त्यानं तुरीच्या दाण्याएवढा खडा काढला. मामीनं तो आगपेटीत जपून ठेवला.

त्यानंतर मामानं भाकरीले नावं ठेवली की मामी आगपेटी उघडून ताटाशी ठेवे.

"आधी सांगा, हा कोन्या जात्याचा?"