धरणाएवढा समुद्र

"समुद्र आधी समजून घ्या, मग पाण्यात जा," चैतालीच्या शाळेतल्या वनमालाबाई वर्गात बजावायच्या. "बीडात कुठला आलाय समुद्र!" म्हणून चैताली हसायची.

आज तिची लेक शाळेच्या सहलीबरोबर कोकणात होती. इकडं बीडच्या बसस्थानकाच्या रांगेत चैतालीच्या पुढंच लेकीचे भूगोलाचे सर मित्राशी बोलत होते.

"राधाकिशन सर, भरती-ओहोटी शिकिवली का पोरांना?"

"न्हाई. परीक्षेला येत न्हाई म्हणून धडाच सोडला."

"मंग सांगितलं काय?"

"माजलगावचं धरण बघितलंय ना, तसंच समजा म्हणलं. चपला काठावर काढा."

"धरणाचं पाणी दिवसातून दोनदा काठ चढून येतं व्हय, सर?"

"तेच सकाळपासून खातंय मला. फोन लागंना कुणाचा."

चैतालीनं लगेच लेकीचा नंबर लावला.

तुमचं कुणी आज किनाऱ्यावर असेल, तर आधी त्यांना विचारा, पाणी कुठवर आलंय?