आधी कॅमेरा उचलला

आमी मूळचे अक्कलकोटच्या खालच्या अंगाचे, कर्नाटकाची हद्द आमच्या रानातनं दिसती, म्हनून घरात कानडी आनि बाहेर मराठी, कदी उलटं, काय ठरलेलं न्हाय. जात धनगराची. बाप आनि चुलता मेंढरं राखायचे. माजं नाव बिरू. मी लहान व्हतो तवाच आई गेली, मग चुलतीनं वाढवलं, नागव्वा तिचं नाव, मी काकू म्हनतो. तिच्याबद्दलच सांगायचंय मला, पन आधी मास्तरांचं सांगतो, त्याबिगर माजी चूक तुमाला कळायची न्हाय.

मेंढरांमागं माजं मन लागलं न्हाय. दहावी झाली आनि सोलापुरात एका फोटो स्टुडिओत कामाला लागलो. मालक तेलुगू, मागावर काम करनाऱ्या घरातले, समदे त्यास्नी मास्तर म्हनायचे. त्यांचा एकच नेम व्हता, बटन दाबायच्या आधी मानसाच्या हातात आरसा द्यायचा. मग तो हमाल असो, न्हायतर गाडीतनं आलेली बाई असो. बगा म्हनायचं, असंच पायजे का? बाई पदर सारका करायची, गडी टोपी नीट करायचा, आनि व्हय म्हनला की मगच दाबायचं. मी एकदा कटाळून म्हनलं, मास्तर, आपल्याला कळतंय की कसं चांगलं दिसतंय ते. तर म्हनले, अरे, फोटो त्याचा हाय, तू निस्ता काडनारा.

तेच माज्या अंगात मुरलं. पुढं जुळे सोलापूर भागात माजा स्टुडिओ झाला, लग्नं, बारशी, शाळेचे फोटो, पोटापान्याचं चांगलं चाललं. पन रविवार आला की मी आमच्या लोकांच्या तळावर जायचो, मेंढरं बसलेली असायची तितं, आनि माज्या हौशीचे फोटो काडायचो. मानूस समोर सरळ उभा, पाय जमिनीवर दिसले पायजेत, हातात काय धरायचं ते त्यानं ठरवायचं, आनि आधी आरसा. एकानं रेडिओ धरला व्हता, एक म्हातारा म्हनला माजं कुत्रं पायजे, एका बाईनं मला दोन तास बसवलं, का तर नवं लुगडं गावात ठिवलं व्हतं ते आनाया गेली. हसा, हिकडं बगा, असं मी कुनाला म्हनायचो न्हाय. आसं करत करत शंभराच्या वर फोटो झाले असतील.

आता काय सांगू तुमाला, मानसाला वाटतंच की, कुनीतरी बगावं, चांगलं म्हनावं. मी स्पर्धेला पाठवायला लागलो. एकदा न्हाय, धा वेळा पाठवले, धा वेळा परत आले. मग पुन्याला एका शिबिराला गेलो, तितं एक मोठे परीक्षक व्हते, त्यांनी माजे फोटो भिंतीवर दावले आनि समद्यांपुढं म्हनले, हे तर उभे केलेले पासपोर्ट फोटो आहेत, यात वेदना कुठं आहे? समदे हसले. मी बी हसलो. त्याचीच लाज जास्त वाटती, मी बी हसलो.

माज्यासंगं मास्तरांकडं काम केलेला एकजन व्हता, त्याचे पुराचे, दुष्काळाचे फोटो पेपरात यायला लागले, सत्कार व्हायला लागले. मी त्याला फोनवर शाबास म्हनायचो आनि फोन ठिवला की बायकोवर डाफरायचो. बायको म्हनायची, तुमचे फोटो चांगले हायेत की ओ. मी म्हनायचो, तुला काय कळतंय.

आशात त्यो दिवस आला. कळप तवा सोलापूरच्या जवळच आलेला. सकाळी काकूच्या पोराचा फोन, दादा, ट्रक कळपात घुसला, आयी तितंच हाय, लवकर ये. मी होतो तसा गाडीला किक मारली. बॅग खांद्याला व्हतीच, ती कायम असायची. जाऊन बगतो तर रस्त्यावर मेंढरं पडलेली, कुनी तडफडतंय, कुनी गप झालेलं, आनि मधी काकू बसलेली. मांडीवर एक मेलेलं कोकरू, क्यास सुटलेले, पदर खाली रस्त्यावर. मागनं ऊन तिच्या पांढऱ्या क्यासावर आलेलं.

मी धावत जायला पायजे व्हतं. मी गाडीवरनं उतरलो आनि आधी माजा हात बॅगेकडं गेला.

तिनं मला बगितलं. एक हात माज्याकडं केला, तोंड हाललं, पन गाड्यांच्या आवाजात ऐकू आलं न्हाय. मला वाटलं ब्याड म्हनती, ब्याड म्हंजे कानडीत नको. फोटो नको, असं म्हनती असं मला वाटलं, आनि वाटूनसुदा मी दाबलं. तीनदा दाबलं. एक मानूस मधी येत व्हता तर त्याला म्हनलं, जरा बाजूला व्हा की. आरसा बॅगेतच राह्यला. मग कॅमेरा आत ठिवला आनि मग तिच्याजवळ गेलो.

त्यो फोटो पाठवला. पयला आला. त्योच परीक्षक व्यासपीठावर म्हनले, आता दिसली वेदना, ही बाई साऱ्या जगाकडं हात पसरून न्याय मागते आहे. टाळ्या लई वाजल्या. आनि मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू, लई आनंद झाला.

मग गावातल्या पोरांनी हौसेनं एस्टी ष्टँडवर डिजिटल लावलं, मोठा छापील बोर्ड, माजं अभिनंदन म्हनून. एका बाजूला मी शाल घेतलेला, आनि निम्म्या डिजिटलवर काकू, तशीच, पदर खाली. काकूची सून मला म्हनली, दादा, आत्याबाई आता ष्टँडवरनं जात न्हाईत ओ, मागच्या ओढ्यानं फिरून जात्यात, पाय दुखत असताना.

ते ऐकलं आनि गाडी घिऊन तसाच गावाला गेलो, स्वताच्या हातानं डिजिटल उतरवलं. मग घरी गेलो. काकू शेंगा निवडत बसली व्हती. मी म्हनलं, काकू, माजं चुकलं, तू ब्याड म्हनलीस तरी मी काडला. ती म्हनली, मी कवा ब्याड म्हनलं? मी म्हनलं, त्या दिवशी, हात केलास की. तर म्हनली, फोटो काडतुयास ते मला दिसलंबी न्हाय रं. ट्रकानं मेंढरू अंगावर फेकलं, गुडघा मोडला व्हता, उटाया येत न्हवतं. तू आलास म्हनून हात केला. उटव म्हनत व्हते.

एवढंच बोलली आनि परत शेंगा निवडाया लागली. शिवी दिली असती, कानाखाली मारली असती, तरी मला बरं वाटलं असतं. तिनं विचारलं, जेवलास का?

स्पर्धावाल्यास्नी मी दोनदा कळवलं, त्यो फोटो काडून टाका. ते म्हनले, आता पुस्तकात छापला, आता काय होत न्हाय. मोबाईलवर अजून फिरतोय, खाली कुनीकुनी दुःखाच्या ओळी लिहित्यात. मी रविवारी परत तळावर जातो, आरसा देतो, सरळ उभे फोटो काडतो, कुटं पाठवत न्हाय. तुमी म्हनाल बिरू सुदरला. तसं न्हाय. मला माजंच भ्या वाटतंय, परत तसा वकत आला तर हात कुटं जाईल त्याचं.

गुडघा काय नीट झाला न्हाय. दर म्हैन्याला मीच तिला सोलापूरला डाक्टरकडं नेतो, माज्या खांद्याला धरून जिना चढती. घरी सोडून निघालो की डोक्यावर हात ठिवती, चांगलं होऊ दे माज्या लेकराचं म्हनती. मी मान खाली घालून घेतो. दुसरं काय करू, सांगा.