बरोबर राहण्याची सवलत

नाही नाही, ती पिशवी राहू दे तिथंच, तू बस — तू म्हटलं तर चालेल ना? माझ्या भाचीएवढी असशील. मघाशी फोनवर ‘अगं आई, पोचले, तू जेवून घे’ म्हणालीस ना, तेव्हाच माझे कान टवकारले. सकाळपासून या हॉलमध्ये जगातल्या सगळ्या भाषा ऐकल्या, आपली काही येईना, आणि आली ती नेमकी माझ्या पाठीमागच्या खुर्चीतून! घाबरलीयस का? पहिलंच कार्ड ना तुझं? मग फोटो, बोटांचे ठसे, सही — संपलं. माझं नागरिकत्वाचं आहे, मुलाखत होती. माझी झाली, आता हे आत आहेत. आमचे हे. नवरा-बायकोला वेगवेगळं बोलावतात आणि दोघांना तेच तेच विचारतात, उत्तरं जुळतात का बघायला.

मुलाखत कशाला? अगं, आमची भानगड वेगळी आहे. हे इथले नागरिक, लग्नाच्या आधीपासूनचे. मी लग्न होऊन आले — तशी उशिराच, घरच्यांनी आशा सोडल्यावर — आणि मला कायम राहायचं कार्ड मिळालं. शिवणाच्या दुकानात लागले. पँटी आखूड कर, चेन बदल, नवरीचा झगा कमरेत घे, असलं काम. मालकीण तोंडानं फटकळ, पण माझं मशीन दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. बरं चाललं होतं गं. आणि यांच्या सिमेंट कारखान्यानं यांना तिसऱ्याच देशात धाडलं, नव्या भट्टीवर. आली का पंचाईत! कार्डवाल्यानं फार काळ बाहेर राहिलं की कार्ड जातं. पण एक सवलत आहे — नवरा इथला नागरिक असेल आणि बायको त्याच्याबरोबर राहत असेल, तर तिकडचे दिवसही इथलेच धरतात. बरोबर राहत असेल तर हं. माहेरी जाऊन बसली, की ते दिवस गेले. आई आजारी होती तेव्हाही मी धावत गेले आणि धावत आले. जाऊ दे ते.

तर गेले बरोबर. कारखान्याची वसाहत, सगळी घरं एकसारखी, सकाळी खिडकी पुसावी आणि दुपारी तिच्यावर बोटानं नाव लिहावं एवढी धूळ. मला तिकडे कामाची परवानगी नाही. मशीन नाही, दुकान नाही, शेजारणींची भाषा येत नाही. पडदे शिवले, हातानं, मग उसवले, मग परत शिवले. हे उजाडायच्या आत जाणार, अंधार पडल्यावर येणार, आणि यांचं बोलणं म्हणजे काय — ‘मीठ दे’, ‘पंखा वाढव’, ‘उद्या लवकर आहे’. भांडण? छे गं, भांडायलाही तोंड उघडावं लागतं माणसाला. वाईट माणूस नाही, कधी आवाज चढवला नाही. पण घरात घड्याळ असतं ना, तसं. आहे, चालतंय, बस.

मग हे कारखान्याच्या डोंगरातल्या खाणीवर गेले. मी म्हटलं, येते ना मी. तर म्हणाले, तिथं बायकांची सोय नाही, सुट्टीला येत जाईन. येत गेले. मग एकाआड एक सुट्टीला. पत्ता मात्र एकच हं, कागदावर आम्ही बरोबर. आणि दर वर्षी पुरावा म्हणून जोडीनं फोटो — मी पातळ इस्त्री करून तयार, हे शर्टाची गुंडी लावत उभे, शेजारचा ‘हसा’ म्हणाला की दोघंही हसतोय.

एकदा गेले होते मी खाणीवर. न सांगता. डबा घेतला, बस पकडली, वर वळणावळणाचा रस्ता, नुसती मळमळ. यांची खोली सापडली, खिडकी उघडी. आत चार-पाच जण जेवायला बसलेले आणि मधोमध आमचे हे उभे — पोट पुढे काढून, हात पाठीमागे बांधून, फेंगडं चालत मोठ्या साहेबाची नक्कल करतायत! लोक हसून हसून आडवे. आणि हेही हसतायत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मला माहीतच नव्हतं यांना नक्कल येते. दुसरी बाई असती ना, तर मी दार ढकलून आत गेले असते, दोन शब्द सुनावले असते. पण इथं कुणीच नव्हतं. नुसते हे होते, आणि मजेत होते. आत जाऊन काय सांगणार? माझ्यासमोरही हसा म्हणून? परत फिरले. डबा बस-थांब्यावर एकटीनं खाल्ला, सगळा. यांना आजतागायत पत्ता नाही.

त्या दिवशीच ठरवलं, नागरिकत्व घ्यायचं. एकदा का ते मिळालं, की कुणाच्या बरोबर राहावं लागत नाही. कार्ड जायची भीती नाही, सवलत नको. मालकीणबाईंशी बोललेय, दुकानाच्या वर खोली आहे, खिडकी रस्त्याकडे, एकीला अगदी पुरेल — म्हणजे, दोघांनाही पुरेल तशी. अशी काय बघतेस? तुझं नवं नवं लग्न, हातावरची मेंदीही उतरली नाही अजून, तुला हे काय सांगत बसले मी. वेगळं राहता यावं म्हणून एवढी वर्षं बरोबर राहिले असं म्हणावं का? म्हण हवं तर.

पण काल काय झालं सांगू? मुलाखतीसाठी तिकडून आलोय ना, उतरलोय त्या लॉजवर उत्तरांची तयारी करत होतो. मी यांना विचारायचं, यांनी मला. मला वाटलं, हे गडबडणार. तर धडाधड सांगतायत — ही चहा गाळायच्या आधी त्यात दूध घालत नाही, पांघरुणातून एक पाय बाहेर काढून झोपते, सुई शोधताना पुटपुटते, आईच्या फोनच्या वेळेला अजून फोनकडे बघते. सगळं बरोबर गं! आणि मला यांची आवडती भाजीसुद्धा धड सांगता येईना. मग मला झोप लागेना. एवढं बघत होतास, तर बोलला का नाहीस बाबा एकदा तरी?

आत काय विचारलं? बाई होती, चष्म्यावरून बघणारी. चहा-बिहा काही नाही विचारलं. म्हणाली, ‘तुमच्या नवऱ्याबद्दल असं काही सांगा, जे बाहेरच्यांना माहीत नसेल.’ आणि माझ्या तोंडून निघून गेलं — ते नकला फार छान करतात, साहेबाची तर अशी करतात की हसता हसता पोट दुखतं. ती हसली आणि लिहून घेतलं. आता यांना विचारील ना ती. हे म्हणतील, मी? नकला? हिच्यासमोर मी कधी—

थांब. ऐकलंस? आतून हसण्याचा आवाज. ती बाईच हसतेय. म्हणजे यांनी करून दाखवली. हिला कसं कळलं म्हणून विचारलं नाही, नाकारलं नाही — करून दाखवली. अगं बाई.

आले. इकडेच येतायत. काय हो? काय म्हणाल्या? ... झालं? पक्कं? शपथविधीची तारीख घरी कळवणार — बरं. बरं झालं. बसा ना, पाणी घ्या. ही आपल्याकडचीच आहे, पहिल्या कार्डासाठी आलीय. ... काय? तिकिटाचं आत्ता कशाला? अहो, बोला मोठ्यानं, ऐकू नाही आलं. ... परतीचं एकाचं काढू की दोघांचं, असं विचारताय?

तुझा नंबर लागला बघ, तो काय फलकावर. तुझाच आहे गं. नसला तरी जा. जा म्हणते ना.