डाव्या मुठीचं मीठ

अध्यक्षस्थानी असलेल्या आमच्या मालकीणबाई, चटणी-लोणच्यांच्या प्रदर्शनातून वेळ काढून आलेले परीक्षक महोदय, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आमचे व्यवस्थापक साहेब, त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनीसाहेब, आणि आपल्या कारखान्याच्या सोलणी, शिजवणी, भरणी या तिन्ही विभागांतल्या माझ्या बंधूभगिनींनो, सर्वांना माझा नमस्कार.

मी शिजवणीचा मुकादम. माझं शिक्षण गावातल्या शाळेत झालं, आणि तिथे बोलणाऱ्या पोराला बाहेर उभं करत, त्यामुळे भाषणाची सवय नाही. पण साहेबांनीच सांगितलं म्हणे, "मुकादमाला बोलू दे. तो चांगलंच बोलेल."

चांगलं आधी बोलतो. बावीस वर्षांत साहेब एक दिवस उशिरा आले नाहीत. बरणीचं झाकण सैल असेल तर टिचकी मारून नुसत्या आवाजावरून ओळखायचे. हे खरं आहे आणि मी मनापासून सांगतोय.

पण आजचा सत्कार झाकणांचा नाही. तो हिरव्या टोमॅटोच्या आंबटगोड चटणीचा आहे. माझ्या मागे कापडाखाली नवं लेबल आहे. थोड्या वेळाने मालकीणबाई दोरी ओढतील, साहेबांचा फोटो दिसेल आणि खाली अक्षरं दिसतील, 'चटणीचे जनक'. उद्या ते छापायला जाणार. एकदा छापलं की लाखभर बरण्यांवर तेच खरं होऊन बसेल. म्हणून मला आजच बोललं पाहिजे.

आपल्यापैकी नव्या लोकांना माहीत नसेल, माझी थोरली बहीण इथे सोलणीत होती. घरामागे तिचा चार वाफ्यांचा मळा. थंडी पडायच्या आत जे टोमॅटो पिकत नाहीत, ते लोक टाकून देतात. ताई ते कांदा, लाल मिरची, साखर आणि व्हिनेगरमध्ये शिजवून बरण्या भरायची. एकदा तिने डब्यात आणली. साहेबांनी बोटाने चाखली आणि म्हणाले, "बाई, तुमची कृतीची वही द्या, मी टाइप करून घेतो. जपून ठेवायला हवी अशी गोष्ट."

जपली. फारच जपली. दोन महिन्यांनी चटणी बाजारात आली आणि ताईने विचारलं, "साहेब, माझं नाव कुठंय?" त्याच आठवड्यात सूचनाफलकावर कागद लागला: नखांत माती आढळल्याने सोलणीतील अमुक बाईला कमी करण्यात येत आहे. अमुक नव्हतं हो, पूर्ण नाव होतं. चार दिवस तो कागद होता. जाता-येता सगळे वाचायचे. मी विचारतो, मातीतून भाजी काढणाऱ्या बाईच्या नखांत दुसरं काय असणार?

ताई, मागच्या रांगेतून हात हलवू नकोस. मी बसणार नाही. (तिला मी फक्त जेवण आहे एवढंच सांगून आणलंय. रस्त्यात मला म्हणाली, "अरे, तू एवढी दाढीबिढी करून का आलायस?")

तर त्या वहीत ताईने लिहिलं होतं, 'मीठ दोन डाव्या मुठी.' डाव्या का? उजव्या हाताने तिचं ढवळणं चालू असायचं, म्हणून. साहेबांना ते ठाऊक नव्हतं, आणि ताईला विचारावं तर वही कोणाची ते उघड झालं असतं. त्यांनी स्वतःची डावी मूठ भरली, काट्यावर टाकली, मोठ्या कढईच्या हिशेबाने वजन वाढवलं आणि 'डाव्या मुठीचं मीठ' म्हणून ते चौकटीत घालून शिजवणीच्या भिंतीवर लावलं. पाहुणे विचारायचे, डावीच का? साहेब सांगायचे, "डावा हात काळजाच्या बाजूचा. चव तिथून येते." वर्तमानपत्रातही छापून आलं. साहेब, मला पाठ आहे ते.

आता ऐका. माझ्या ताईच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं लहानपणी दारात सापडली. ती वाकत नाहीत. तिची मूठ मिटतच नाही. तिने भरलेल्या मिठातला तिसरा हिस्सा तिथेच डब्यात परत सांडतो. तुमची मूठ दणकट, साहेब. कणभर सांडत नाही.

परीक्षक महोदय, अकरा वर्षं तुमचा शेरा एकच: 'चव उत्तम, किंचित खारट. दुसरा क्रमांक.' अकरा वर्षं साहेब परत येऊन ओरडायचे, "कोण ओततंय मीठ?" आणि मी चौकटीकडे बोट दाखवायचो. "साहेब, तुमच्याच मुठीने."

मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी बोललो नाही. शिजवणीतल्या दोघींनी त्यापायी बोलणी खाल्ली, रडल्या. त्यांची मी इथे सगळ्यांसमोर क्षमा मागतो, तो माझा दोष. रोज सकाळी देवापुढे हात जोडून म्हणायचो, हा राग काढून घे. त्याने काढला नाही. मग म्हटलं, निदान तारीख तरी दे. साहेबांच्या निवृत्तीची पत्रिका हातात आली तेव्हा मला वाटलं, दिली.

साहेब नाही-नाही म्हणून मान हलवताहेत. हरकत नाही. चौकट भिंतीवर आहे, मीठ कोठीत आहे आणि ताई सभागृहात आहे. दोघांनी एकेक मूठ काट्यावर टाकावी. परीक्षक महोदयांनी काटा बघून सांगावं.

मालकीणबाई, माझी एकच विनंती. दोरी ओढू नका. ताईला फोटो नको, ती पूर्वीच म्हणाली होती, "माझं तोंड बघून कोण चटणी घेईल?" पण त्या सूचनाफलकावर साहेबांनी स्वहस्ते लिहावं की ही चटणी कोणाची. तो कागद चार दिवस राहावा. पाचवा मी मागत नाही.

आणि साहेब, तुम्हाला एक वचन. पहिली अकरा वर्षं तुमच्या मुठीची झाली. उद्या सकाळच्या पहिल्या कढईत ताईच्या मुठीचं मीठ पडेल, तसं आजच सांगून ठेवलंय. लोक म्हणतील, साहेब गेले आणि चव आली. पुढच्या प्रदर्शनाचा निकाल मी स्वतः तुमच्या घरी येऊन सांगेन.

मालकीणबाईंनी माझं बोलणं मध्येच तोडलं नाही, सभागृहाने शांतपणे ऐकलं, आपणा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात एखादा शब्द जड गेला असेल तर तो आपण सर्वांनी विसरून जावा.

साहेब, तुम्ही मात्र विसरू नका.