शेवंताबाईंची शिंपल्यांची भिंत

भंतेजींना वंदन. गावातल्या आणि बाहेरगावाहून आलेल्या सगळ्यांना जय भीम. धान कापणीचे दिवस आहेत. तरी तुम्ही विळे ठेवून इथं आलात. मला माईकवर बोलायची सवय नाही. आमच्या शेवंताबाईंसमोर तर मी कधी फार बोललेच नाही, त्याच बोलायच्या. आज त्या फोटोत आहेत म्हणून मला उभं केलंत. अडखळले तर सांभाळून घ्या.

मी त्यांची धाकटी जाऊ, कुसुम. लग्न होऊन आले तेव्हापासून आमचं एकच आंगण, एकच चूल.

तुम्हाला आपलं जुनं विहार आठवते ना? विटांची एक खोली अन वर टिनाचे पत्रे. एका साली आम्ही गावच्या बाया बोधगयेला गेलो होतो. तिथं परदेशातल्या लोकांनी बांधलेल्या एका विहाराच्या भिंतीवर शिंपले अन रंगीत दगड बसवून कमळं केली होती. बाई तिथंच उभ्या राहिल्या. आमची बस निघायला आली होती. मी म्हटलं, "बाई, चला ना, सगळ्या बसून राहिल्या."

"थांब वं. पाहू दे मले."

घरी आल्यावर हातपाय धुवायच्या आधी त्या त्यांच्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या भासऱ्यांना म्हणाल्या, "मिस्त्री, आपल्या विहारात असं करायचं हाये."

भासरे इथं समोर बसले आहेत. जन्मभर लोकांची घरं बांधली त्यांनी. ते म्हणाले, "शिंपले का समुद्रातून आणशील?"

"आपला तलाव काय मेला का?"

अशी ती भिंत सुरू झाली. भासरे सिमेंटचा माल लावायचे, बाई त्यात शिंपले अन नदीतले गुळगुळीत गोटे बसवायच्या. दोघं दिवसभर भांडायचे. माल पातळ झाला, माल सुकला, पाकळी वाकडी गेली. पण संध्याकाळी एका ताटात जेवायचे. खोटं सांगत असेन तर भासऱ्यांना विचारा.

पहिल्या खेपेला आम्ही बायांनी तलावातून टोपलंभर शिंपले काढून आणले. बाईंनी ते धुवायला घेतले. एक शिंपला हातात धरून त्या किती तरी वेळ पाहत राहिल्या. त्याचं तोंड जरासं उघडलं आणि मिटलं.

"कुसुम, हे जिते हायेत वं."

मी म्हटलं, "मग? उन्हात ठेवू, मरतील."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "रोज पंचशील म्हणतो आपण. अन जीव मारून बुद्धाची भित सजवतो का?" टोपलं उचललं आणि त्या तलावाकडं चालू लागल्या. मी मागोमाग गेले. कंबरभर पाण्यात उतरून त्यांनी सगळे शिंपले सोडून दिले.

तेव्हापासून उन्हाळ्यात पाणी आटलं, की चिखलावर पडलेले रिकामे शिंपलेच आम्ही वेचायचो. म्हणून त्या भिंतीला कितीतरी उन्हाळे लागले. अर्जुनीहून, सौंदडहून पाहुणे यायचे ते आधी भिंत पाहायचे. बाई तिथंच झाडू मारत असायच्या. कोणी केलं म्हणून विचारलं तर म्हणायच्या, "गावानं."

मग नवीन विहाराची गोष्ट निघाली. जुनं पुरत नव्हतं. वंदनेला अर्धी माणसं बाहेर उन्हात बसायची. पोरांना अभ्यासाला जागा नव्हती. जुनं पाडल्याशिवाय नवीन होत नव्हतं. आणि बाईंना हे सांगणार कोण? कमिटीची माणसं आमच्या आंगणात आली, चहा पिऊन तशीच परत गेली. दुसऱ्यांदा आली, पुन्हा चहा पिऊन गेली. तिसऱ्यांदा बाईच म्हणाल्या, "काऊन गा, चहाच प्यायले येता का? पाडायचं हाये ना? पाडा."

कमिटीची माणसं कप खाली ठेवून एकमेकांकडं पाहू लागली.

"लेकरं उन्हात बसून राहिले, अन मी भित कवटाळून बसू का?"

पाडायच्या आदल्या दिवशी त्या छन्नी घेऊन गेल्या आणि एक एक शिंपला सोडवू लागल्या. बरेच फुटले, वाचले ते टोपल्यात जपून ठेवले. भासरे बाहेर कडूनिंबाखाली बसून राहिले, आत आले नाहीत. घरी आल्यावर बाई मोरीत गेल्या आणि किती तरी वेळ नुसतं पाणी ओतत राहिल्या. त्या रडल्या, हे मी आज पहिल्यांदा सांगून राहिले. बाई, रागावू नका.

नवीन विहार झालं, तेव्हा त्यांचे हात कापायला लागले होते. कमिटीनं म्हटलं, मार्बलच्या टाइल्स लावू. बाई म्हणाल्या, "शिंपल्यांसाठी एक भित सोडा. यावेळी सगळे लावतील." आणि गावातल्या घराघरातून बायांना बोलावून आणलं. आपल्याच नाही, पलीकडच्या मोहल्ल्यातल्याही आल्या. बाई खुर्चीवर बसल्या. ही पाकळी तुझी, हे पान तुझं, असं सांगत राहिल्या. भासऱ्यांनी माल लावून दिला. मी केलेलं कमळ पानकोबीसारखं झालं. मी काढायला गेले, तर बाई पोट धरून हसल्या. "राहू दे वं. पानकोबी पण फुलतेच."

तुम्ही आत्ता ज्या भिंतीला पाठ टेकून बसला आहात, ती हीच.

लोक विचारतात, शेवटी काय म्हणाल्या? त्या दुपारी मी भाजी वाढली. एक घास खाऊन म्हणाल्या, "मीठ कमी पडलं आज." मी मीठ आणायला उठले. परत आले तर त्यांनी तसंच जेवून टाकलं होतं. मग आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत. एवढंच. मोठं काही बोलल्या नाहीत. आता मी स्वयंपाक करते आणि ताट पुढं ठेवून थांबते. भासरे मुकाट्यानं जेवतात. मिठाचं कमी-जास्त कोणीच सांगत नाही.

चला, उभे राहू. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी बसूनच राहा, बाईंनीही तेच सांगितलं असतं. थोडा वेळ कोणी काही बोलू नका.

बाई, तुम्हाला तुमच्या कुसुमचा जय भीम.